सदरांचं घर शेवटी

आमच्या वस्तीतला माणूस बाजारात ओळखायचा असला की लोक त्याच्या कपाळाकडं बघायचे. भुवयांच्या वर, बरोबर मधोमध, एक टेंगूळ. नवं असेल तर लाल, जुनं असेल तर काळपट. येडशीच्या बाजारातला मिरच्यावाला आमच्या ह्यांना म्हणायचा, "मास्तर, तुमी माळावरच्या वस्तीतले न्हवं का?" हे विचारायचे, "कसं ओळखलंत?" तो नुसता आपल्या कपाळावर हात मारून दाखवायचा, आणि वर दोन मिरच्या जास्त टाकायचा. दया म्हणून.

त्या टेंगळांचे कर्तेधर्ते आमचे सदर. नाव शिवलिंगप्पा, पण नावानं हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. निजामाचं राज्य होतं, अध्यक्षाला सदर म्हणायची रीत. ते एका सोसायटीचे सदर होते, आणि आपण सदर आहोत हे त्यांना दिवसातून इतक्यांदा आठवायचं की दुसऱ्या कुणाला विसरायची सोयच राहिली नव्हती. उंचीनं माझ्या खांद्याला लागत, आणि मी काही ताडमाड बाई नव्हे. घरं बांधायला काढली तेव्हा दारांची उंची किती ठेवायची यावर सभा बसली. सदर उठले, खांबाला पाठ लावून ताठ उभे राहिले, डोक्यावरच्या रुमालावर चार बोटं आडवी धरली आणि म्हणाले, "एवढं बस. ठराव झाला." झालं. अकरा घरांची अकरा दारं एका माणसाच्या मापानं निघाली.

सगळ्यांत हाल इब्राहिमभाईचे. हा कापूस पिंजणारा पिंजारी, अंगानं बांबू. पहिल्या आठवड्यात त्याचं कपाळ नुसतं सुजून आलं. तो एकदा कपाळ चोळत सदरांसमोर उभा राहिला. "सदरसाब, तुमच्या दरवाज्याची माझ्या टाळक्याशी काय दुश्मनी हाय?"

"दुसऱ्याच्या घरात शिरताना माणसानं वाकावं, इब्राहिम."

"पर ह्ये तर माझंच घर हाय!"

"मग तर जास्तच वाकावं," सदर म्हणाले, आणि छत्री उघडून निघून गेले. त्यांना स्वतःला मात्र त्या वस्तीत कुठंच, कधीच वाकावं लागलं नाही.

ही छत्री म्हणजे सदरांचा अवयव. ऊन असो, पाऊस असो, नसो, ती उघडीच. एका हातात छत्री असली की माणसाला दगड उचलता येत नाही, पाटी डोक्यावर घेता येत नाही, पाण्याची घागर धरता येत नाही. हे सोयीचं गणित माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. गौराक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते लग्नाच्या मांडवातच कळलं असणार.

पण वस्तीचं मूळ सांगायला पाहिजे. आम्ही सगळी स्टेशनाजवळच्या भाड्याच्या खोल्यांतली माणसं. आमचे हे मदरशात मास्तर, म्हणजे सरकारी शाळेत. बाकी कुणी हमाल, कुणी शिंपी, कुणी तेली. सदरांचं रस्त्यावर छोटं किराणा दुकान होतं, मीठ, गूळ, घासलेट. होतं म्हणजे ते चालवायची गौराक्का, आणि सदर दुकानाच्या पायरीवर बसून जगाची घडी बसवायचे. ते उमरग्याकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि कचेरीत गेले की अशी उर्दू की शिरस्तेदारालाही अर्थ विचारावा लागायचा. त्यांनी कुठूनसं ऐकलं की एकमेकांना मदत करून घरं बांधायची सोसायटी काढली तर सरकार माळरान देतं. झालं, सदर पेटले. दरखास्तीवर दरखास्त. वर्षभरानं माळ मिळाला. असा माळ, की तिथं गवतसुद्धा विचार करून उगवायचं.

सदरांनी दोन नियम केले. पहिला, सावड. म्हणजे शेतात करतात तसं, आज सगळ्यांनी मिळून याचं, उद्या सगळ्यांनी मिळून त्याचं. मजूर नाही, गवंडी नाही, आपल्या घरचेच हात. दुसरा नियम खास सदरांच्या डोक्यातला. कोणतं घर कुणाचं, हे शेवटचं छप्पर चढेपर्यंत कुणालाच कळायचं नाही. सगळी झाली की चिठ्ठ्या टाकायच्या. "म्हणजे," सदर म्हणाले, "प्रत्येकजण प्रत्येक घर आपलंच समजून बांधील." ऐकायला काय छान वाटलं! आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रत्यक्षात काय झालं, तर प्रत्येकानं प्रत्येक घर दुसऱ्याचंच समजून बांधलं. शिंपी चिरा बसवताना फट राहिली की म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या, कुणाच्या नशिबात हाय कुणास ठाऊक."

आणि त्याच सभेत सदर छातीवर हात ठेवून म्हणाले, "एक सांगून ठेवतो. सदरांचं घर शेवटी! आधी तुमची घरं, मग माझं."

इब्राहिमभाईनं डोकं खाजवलं. "पर सदरसाब, तुमचं कोणतं ते कुठं ठरलंय?"

"तपशील नंतर," सदर म्हणाले. टाळ्या मात्र पडल्या. आमचे हेच पहिले वाजवणारे.

कामाला सुरुवात झाली. रोज सकाळी सदर हाजरी घ्यायचे. पहिलं नाव स्वतःचं. "सदर?" स्वतःच विचारायचे, "हाजर!" स्वतःच म्हणायचे, आणि छत्री उघडून ढिगाऱ्यावर चढायचे. त्याला ते देखरेख म्हणत. त्यांच्या वाटचं काम गौराक्का करायची. प्रत्येक कुटुंबातल्या दोघांनी राबायचं असा नियम होता, म्हणजे आपल्या वाटचंही तिनं करायचं आणि त्यांच्याही. कुणी बोललं तर सदर म्हणत, "ती माझी अर्धांगी. म्हणजे अर्धा मीच तिथं तुडवतोय की." गारा तुडवायचा म्हणजे भिंतीची माती पाणी घालून पायांनी मळायची. गुडघाभर चिखलात सकाळपासून दुपारपर्यंत नाचायचं. अक्का लुगड्याचा काचा मारून त्यात उतरली की गडी मागं पडायचे. आणि वरून छत्रीखालून आवाज यायचा, "गारा पातळ झालाय!"

कसाही असला तरी पातळच. एकदा मी मुद्दाम पाणीच घातलं नाही. माती भाकरीसारखी कडक. सदर आले, काठीनं टोचून बघितलं. काठी आत जाईना. "पातळ झालाय," म्हणाले. अक्का काही बोलायला गेली की ते कानडीत म्हणायचे, "सुम्मनिर!" गप्प बस. हा एक शब्द त्यांच्यामुळं अख्ख्या वस्तीला आला. पोरं खेळताना एकमेकांना म्हणायची.

मी अक्काला एकदा विचारलं, "एवढं कशापायी राबता हो? निम्मं तर त्यांनी करायचं."

ती पाय धूत होती. म्हणाली, "मास्तरीण, लगीन झाल्यापासून दुकानामागच्या खोलीत ऱ्हाते मी. गुळाच्या ढेपी आन् मुंगळे. एकदा लुगडं टांगायला खुंटी ठोकली, तर मालक धावत आला, माझी भिंत पाडता का म्हणून. ती खुंटी मला उपटायला लावली. मला दुसरं कायबी नगं. मला एक भिंत पाहिजे, जिच्यात खुंटी ठोकताना कुणाला इचारावं लागू नये." एवढं बोलून तिनं पुन्हा काचा मारला. एवढीच मागणी होती त्या बाईची या जगाकडं, आणि तिची गाठ पडली होती सदरांशी.

पहिल्या घराची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. भिंत कंबरेएवढी आली तेव्हा हमालानं कुठूनसा ओळंबा आणला. दोरीला शिशाचा गोळा, भिंत सरळ आहे की नाही ते बघायला. सदरांना राग आला. "ओळंबा म्हणजे एकमेकांवर अविश्वास! सहकारात अविश्वास नको. मी बघतो की इथून." आणि ढिगाऱ्यावर उभं राहून, एक डोळा मिटून, त्यांनी अख्खी भिंत नजरेनं चढवून घेतली. "अंमळ आत. अंमळ बाहेर. बस!" भिंत झाली ती गरोदर बाईसारखी, मधेच पोट पुढं. लोक बघायला यायचे. त्यानंतर दहाही घरं ओळंब्यानं झाली, पण चोरून. सदर जेवायला गेले की गोळा सोडायचा आणि ते आले की पदराखाली लपवायचा, हे काम माझ्याकडं होतं. सदर येऊन सरळ भिंत बघायचे आणि म्हणायचे, "बघा! नजर तयार व्हायला एक घर लागतं."

शेवटचं घर लिंबाच्या झाडाजवळ झालं, विहिरीला लागून, उगवतीला तोंड. त्यात अक्कानं काय जीव ओतला! गिलावा दोनदा केला. चुलीजवळ लोणच्याच्या बरणीला कोनाडा, देवाला देवळी. हे घर आपल्याला लागावं असं तिला वाटतंय, हे सगळ्यांना कळत होतं. सदरसुद्धा त्या घरापाशी आले की छत्री जरा खाली घ्यायचे.

मग चिठ्ठ्या. तांब्यात अकरा चिठ्ठ्या टाकल्या. सदरांनी भाषण केलं, नशीब आणि समता यांवर, ते लांबलं. लिंबाजवळचं घर आम्हाला लागलं. आणि सदरांनी चिठ्ठी उघडली तर त्यात पहिलं घर. पोटुशा भिंतीचं.

 कुणी हसू दाबलं, कुणी दाबलं नाही. मला वाटलं, आता हे म्हणणार, पुन्हा टाका, चिठ्ठ्या पातळ झाल्यात. पण नाही. सदरांनी चिठ्ठी नीट घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "मला हेच पाहिजे होतं." आणि ते असं म्हणाले, की त्यांना स्वतःला ते खरंच वाटतंय की काय अशी मला शंका आली. अक्का वळून चालायला लागली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली, म्हणाली, "कोनाड्यात बरणी डाव्या अंगाला ठेव, उजव्या अंगाला ऊन येतं." मला रडू आलं, ती नाही रडली. घरी जाऊन तिनं हौसेनं खुंटी ठोकायला घेतली. तिसऱ्या ठोक्याला त्या वाकड्या भिंतीचा गिलावा हातभर लांब पापुद्रा होऊन तिच्या पायावर पडला. खुंटी हातातच राहिली.

सदर बाहेरून म्हणाले, "विचारून ठोकायची होतीस."

राहायला गेल्यावर सदर थंड बसतील असं वाटलं होतं. छे! घरं संपली होती, ठराव संपले नव्हते. विहीर सामाईक, दोर सामाईक, जातं सामाईक. एक दिवस सभेत म्हणाले, "वस्ती एक, मग चुली अकरा कशाला? अकरा ठिकाणी धूर! काय ही लाकडांची नासाडी! एक चूल करा, सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र." बाप्यांनी हात वर केले. आमच्या ह्यांनी दोन्ही. त्यांना कुठं फुंकणी धरायची होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बायकांनी अकराही चुली पेटवल्या नाहीत. अक्कानंच ठरवलं. इब्राहिमभाईची खातूनबी म्हणाली, "अब ठराव खाओ." सगळ्याजणी लिंबाखाली बसून शेंगा फोडत होतो. बाप्ये येऊन बघून जायचे. दुपारी सदर आले. "अगं, भाकरी?"

"एक चूल म्हणालात न्हवं?" अक्का म्हणाली. "ती कोणती, त्यो तपशील नंतर."

दिवस मावळायच्या आत ठराव रद्द झाला. सदर भाकरी मोडता मोडता पुटपुटत होते, "अकरा चुली. अकरा धूर. लोक काय म्हणतील."

अशी काही वर्षं गेली. टेंगळं येत होती, जात होती. आणि मग ती गडबड सुरू झाली. पलीकडं बार्शीच्या बाजूला स्वराज्य आलेलं, आमच्याकडं अजून निजामाचंच. टोळ्या फिरायला लागल्या. गावं उठायला लागली. उठलेल्या गावात काय व्हायचं ते आम्ही ऐकत होतो. धूर दिसला नाही की घरं रिकामी आहेत हे कळायचं, मग दारं, तुळया, पत्रे, उखळसुद्धा उचलून न्यायचे. चैत्रात आमचीही पाळी आली. बहुतेकांनी बार्शीकडं जायचं ठरवलं. इब्राहिमभाई बायकोला घेऊन उमरग्याला मेव्हण्याकडं निघाला. जाताना दारात कपाळ आपटलं, आणि त्या दिवशी दाराला शिवी न देता चौकटीवर हात फिरवून गेला.

गाड्या जुंपल्या तेव्हा सदर छत्री उघडून उभे. "मी येत नाही. वस्तीवर देखरेख पाहिजे."

अक्का गाडीतून उतरली. "अवं, कुणाची देखरेख? दगडांची? तुमाला स्वतःच्या हातानं पाणी घ्यायला येत न्हाय."

"सुम्मनिर!" सदर म्हणाले.  अक्कानं त्यांना ज्वारीचं पीठ, मीठ, काडेपेटी कुठं आहे ते दाखवलं, दोनदा दाखवलं, आणि गाडीत येऊन बसली ती बार्शीपर्यंत माझ्या हाताला धरून होती. तिथल्या छावणीत कुणी म्हणालं, शूर आहेत हो सदर. अक्का म्हणाली, "शूर कसले. त्यास्नी कुणी इचारलं न्हाय म्हणून ऱ्हायलेत. सभा घेऊन कुणी चला म्हणालं असतं तर पहिल्या गाडीत बसले असते." पण कुणी येडशीकडून आलं, की आधी तीच धावायची.

भाद्रपदात राज्य बदललं आणि आम्ही परत निघालो. गाड्या वळणावर आल्या आणि पुढचा बैल थांबवला. माळावर धूर दिसत होता. एक नाही, अकरा. सकाळच्या वेळी वस्तीत निघतो तसा, प्रत्येक घरातून एक.

"झालं," हमाल म्हणाला. "कुणीतरी घुसलं आपल्या घरांत."

बायकांनी हाय खाल्ली. अक्का मात्र पाय उचलून चालायला लागली, गाड्यांच्या पुढं.

वस्तीत चिटपाखरू नव्हतं. घरं जशीच्या तशी. आमच्या दाराला कुलूप नव्हतं पण आत एक भांडं हललेलं नव्हतं, चुलीत ताजी राख आणि तिच्यावर एक शेणी धुमसत होती, ओली, नुसता धूर ओकणारी. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्यात तेच. आणि मग सदर आले. दाढी वाढलेली, डोळे लाल, तोंडावर काजळी अशी की कपाळावरची विभूती कुठं लावायची हा प्रश्न पडावा. छत्रीचं कापड गेलेलं, नुसत्या काड्या. ती उघडून डोक्यावर धरलेली. आम्हाला बघून पहिला शब्द काय बोलले?

"हाजरी!"

आणि खरंच नावं घ्यायला लागले. हमालाला "हाजर" म्हणताना हुंदका आला.

सदर चैत्रापासून रोज सकाळ-संध्याकाळ अकरा चुली पेटवत होते. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, वस्ती भरलेली आहे. ज्या माणसानं जन्मात फुंकणी धरली नव्हती! पहिले दोन दिवस पेटतच नव्हतं म्हणे. मग त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला स्वयंपाक करायचा नाही, फक्त धूर पाहिजे. तेव्हापासून काम सोपं झालं. नुसता धूर काढण्याची त्यांना आयुष्यभराची सवय होती.

खोटं कशाला बोलू, हे लिहितानाही मला भरून येतं. आमचे हे त्यांच्या पाया पडले. इतक्यात पलीकडून अक्काचा आवाज आला, "आन् आपलं घर?"

आम्ही तिकडं धावलो. पहिल्या घराला दार नव्हतं. चौकट नव्हती. छप्परच नव्हतं. आमच्याकडची छपरं म्हणजे माळवद, खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडाच्या बारीक किलच्या, वर पाला आणि पांढरी माती. त्यातलं लाकूड तेवढं गेलेलं आणि माती सगळी खाली बसलेली. ती पोटुशी भिंत पावसात एकदाची कोसळली होती. त्या ढिगाऱ्यात एका कोपऱ्यात चूल, आणि उघड्या आभाळाखाली तिच्यातून धूर निघत होता. अकरावा.

सदरांनी घसा साफ केला. "जळण संपलं. डोंगरात जावं तर टोळ्या. तुमच्या घरातली काडी म्हणजे माझ्याकडं अमानत. म्हणून मी सभा घेतली."

"कुणाची सभा?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"माझी. सूचक मी, अनुमोदन माझंच. विरोधात कुणी नव्हतं. ठराव असा, की जळण सदरांच्या घरातून घ्यावं. आधी दार घेतलं. मग किलच्या. मग तुळया." आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "एकमतानं!"

कुणाला हसावं की रडावं कळेना. अक्का ढिगाऱ्याकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, आणि ते हळू बोलणं मला अजून ऐकू येतं, "जन्मभर सांगत आलात, सदरांचं घर शेवटी. आन् जाळायच्या वक्ती तेवढं पयलं आठवलं?"

 

अक्का त्या दाराच्या जागेतून आत गेली. ती त्यांच्याहून उंच होती, इतकी वर्षं रोज वाकून जायची. त्या दिवशी ताठ गेली, अडवायला काही उरलंच नव्हतं. ढिगाऱ्यात उकरून तिनं काहीतरी काढलं आणि लुगड्याला पुसलं. तीच ती खुंटी होती.

दुसऱ्याच दिवशी सावड बसली. कुणाला सांगावं लागलं नाही. इब्राहिमभाई पंधरवड्यानं आला, बिचकत, आता आपल्याला इथं राहू देतील का अशा तोंडानं. त्यानं आपल्या चुलीत हात घातला, राख गरम होती, सदरांनी ती चूल अजून विझू दिली नव्हती. बाहेर आला तो बाह्या सारून गाऱ्यातच उतरला. अक्का म्हणाली, "तू न्हाय. तू आधी इथं हुबा ऱ्हा." आणि त्याला खांबाला पाठ लावून ताठ उभा केला, डोक्यावर चार बोटं धरली. "दार एवढं."

ओळंबा या वेळी उघड्यावर होता. भिंती छातीएवढ्या आल्या. आणि बघतो तर काय, सदर ढिगाऱ्यावर! नव्या कापडाची छत्री, शिंप्यानं कौतुकानं शिवून दिलेली. दाढी केलेली, विभूती ठसठशीत. चार दिवस लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, तेवढं पुरे झालं होतं त्यांना. खाली अक्का गुडघाभर चिखलात. आणि आला आवाज.

"गारा पातळ झालाय!"

सगळे थांबले. अक्का गाऱ्यातून बाहेर आली. पाय न धुता ढिगाऱ्यावर चढली. सदरांच्या हातातून छत्री घेतली, मिटली, आणि भरलेली पाटी त्यांच्यापुढं ठेवली.

"अगं, मी देखरेख..."

"सुम्मनिर्री," अक्का म्हणाली. गप्प बसा. अहोजाहो सोडलं नाही तिनं तेव्हाही.

मग कमरेची खुंटी काढून तिनं नव्या भिंतीत दोन दगडांच्या मधे ठेवली आणि दगडानंच ठोकली. तीन ठोके. चौथा. भिंत हलली नाही. तिनं कुणाला विचारलं नव्हतं. त्या खुंटीला सदरांची छत्री अडकवली आणि पुन्हा गाऱ्यात जाऊन उतरली. सदरांचे दोन्ही हात आता मोकळे होते. मग त्यांनी पाटी उचलली. इब्राहिमभाई हात द्यायला पुढं झाला, अक्कानं नुसतं बघितलं, तो मागं सरला.

पुढच्याच महिन्यात ह्यांची बदली झाली. आमची गाडी निघाली त्या सकाळी त्या घराचं माळवद घालून झालं होतं, आत जमीन करायचं काम चाललं होतं. अख्ख्या वस्तीत ते एकच उंच दार, इब्राहिमभाईच्या मापाचं. त्यातून आतली भिंत दिसत होती, खुंटी दिसत होती, खुंटीला छत्री. डोक्यावर पाटी घेऊन सदर आले, गारा कानावरून ओघळतोय, आणि दारातून जाताना ते वाकले. डोक्यावर पाटी होती, म्हणून असेल. गाडी वळणाला लागली तेव्हा आतून अक्काचा आवाज आला.

"परत न्या. पातळ झालाय."